नोकरी सोडायची वेळ आली हे नक्की कधी कळतं?

अर्धी_इस्त्री:
खूप दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. एकाच कंपनीत बरीच वर्षं झाली. क्वालिटी विभागात आहे, म्हणजे माल बाहेर जायच्या आधी त्याचे टेस्ट रिपोर्ट तपासायचे आणि शेवटची सही करायची हे माझं काम. पगार वेळेवर होतो, बॉस ओरडत नाही, जायला यायला त्रास नाही, कोणी छळत नाही, त्यामुळे घरी किंवा मैत्रिणींना सांगायला गेलं की 'मग प्रॉब्लेम काय आहे तुझा' असंच विचारतात आणि मला धड उत्तर देता येत नाही. कंटाळा म्हणावा तर तसंही नाही, काम उरकतं, उलट पूर्वीपेक्षा लवकरच उरकतं. फक्त मी तिथे आता फारसं बोलत नाही.

तर ज्यांनी नोकरी सोडली त्यांना 'आता बास' हे कसं कळलं? आणि ज्यांनी सोडायची म्हणून ठरवलं आणि शेवटी नाही सोडली, ते कशावरून थांबले? कृपया 'मनाचं ऐक' हे उत्तर नको, मन रोज वेगळं बोलतं. सोमवारी सकाळी जिवावर येणं वगैरे सगळ्यांचंच असतं, त्यावरून काही ठरत नाही असं माझं मत.

(नवीन ऑफर हातात नाहीये. शोधायला सुरुवातच केलेली नाही.)

खडूस_काका:
पगार वेळेवर, बॉस ओरडत नाही, कोणी छळत नाही. अशी नोकरी लोक फ्रेम करून भिंतीवर लावतील. मी अख्खी नोकरी एकाच खात्यात काढली, कंटाळा आला की फाइल बदलायची, दुसरा कंटाळा येईपर्यंत ती चालायची. तुमच्या पिढीला सगळ्यातच पॅशन पाहिजे.

पाचर:
काका, त्या फायलींना पण विचारायचं होतं एकदा, कंटाळल्या का म्हणून :)

खडूस_काका:
कंटाळल्या असतील. राजीनामा एकीनेही दिला नाही.

तिरपी_रेघ:
मी एचआरमध्ये आहे, राजीनामा देणाऱ्यांशी शेवटचं बोलणं माझ्याकडेच असतं. फॉर्मवर सगळे 'बेटर अपॉर्च्युनिटी' लिहितात, ते मी आता वाचतही नाही. पण गप्पांच्या ओघात विचारलं की पहिल्यांदा मनात कधी आलं, तर बरेच जण एक ठरावीक दिवस सांगतात. एकाच्या हाताखाली शिकलेला मुलगा त्याचाच मॅनेजर झाल्याचा मेल आला, तो दिवस. एकीची मुलगी तापाने फणफणली होती, रजा मंजूर झाली पण खाली शेरा आला की पुढच्या वेळी आधी कळवावे (ताप येणार हे आधी कळवायचं!!), तो दिवस. त्यानंतर पुढे वर्षभर सुद्धा ती माणसं तिथेच असतात, पण डोक्यातून निघून गेलेली असतात.

ली आणि मिचेल या संशोधकांनी १९९४ मध्ये लोक नोकरी कशी सोडतात याचं एक मॉडेल मांडलं होतं, त्यात याला 'शॉक' म्हटलंय. म्हणजे माणूस दरवेळी समाधान किती, पगार किती असा तराजू घेऊन हळूहळू ठरवत नाही, पुष्कळदा एखादी घटना घडते आणि तिथून विचार सुरू होतो. आणि ती घटना वाईटच असेल असंही नाही, लग्न, बाळ, अचानक आलेली ऑफर हे पण त्यातच.

इस्त्रीताई, तुमचा असा काही दिवस आहे का? नसेल तर काकांचा फाइल बदलायचा उपाय वाटतो तितका वाईट नाहीये, आतल्या आत विभाग बदलून मिळतो का ते आधी बघा.

रात्रपाळी:
मी थोडं वेगळं सांगते कारण मी दवाखान्यात काम करते आणि 'नोकरी नकोशी झालीय' म्हणणारे निम्मे लोक प्रत्यक्षात फक्त प्रचंड दमलेले असतात असा माझा अनुभव आहे (निम्मे हा अंदाज हं, मोजलेलं नाही).

बर्नआउट हा शब्द आता कोणीही कशालाही वापरतं, पण १९७४ मध्ये फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यावर लिहिलं तेव्हा तो एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल बोलत होता, म्हणजे ज्यांचं कामावर मनापासून प्रेम होतं असे लोक. नंतर क्रिस्टिना मॅस्लाक यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली आणली, त्यात तीन बाजू आहेत. पार गळून जाणं, समोरच्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तो आपल्या यादीत घेतला, पण आजार म्हणून नाही, कामाच्या जागी साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. म्हणजे दोष फक्त माणसात शोधायचा नाही, कामाची जागा पण तपासायची.

माझा सल्ला, इतक्यात ठरवू नका. सलग रजा घ्या, तुकड्या तुकड्यात नको, मेल बंद, ऑफिसचा ग्रुप म्यूट. रजेत हळूहळू उत्साह परत आला आणि परत गेल्यावर पहिल्याच दिवशी सगळा उतरला, तर गडबड त्या जागेत आहे. आणि रजेतही कशातच मन लागलं नाही, एरवी आवडणारं काहीही नको वाटलं, झोप भूक बिघडली, तर आधी डॉक्टरांना भेटा, राजीनाम्याचं नंतर. डिप्रेशनमध्ये माणसाला सगळंच सोडावंसं वाटतं आणि नोकरी हातासरशी असते म्हणून तीच आधी सुटते.

मधली_सुट्टी:
रात्रपाळीशी सहमत. मी 'नाही सोडली' वाल्यांपैकी. मला काम आवडत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो, पण कागदावर लिहून काढलं की नक्की काय काय आवडत नाही, तर सगळा राग दोन मीटिंग आणि एका रिपोर्टवर होता. तो रिपोर्ट कोणी वाचतच नव्हतं. मी पाठवायचा बंद केला, कोणी विचारलंही नाही :)) नवीन मुलांना शिकवायचं काम मागून घेतलं, आजही त्याच जागी आहे आणि बरं चाललंय.

याच्यावरही अभ्यास झालाय. रेझनिएव्स्की आणि डटन या दोघींनी २००१ मध्ये हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की तेच काम काही जण फक्त साफसफाई म्हणून करतात आणि काही जण पेशंटशी बोलतात, घाबरलेल्या नातेवाईकांना वाट दाखवतात, आणि आपण बरं करणाऱ्यांपैकी आहोत असं समजून काम करतात. कामाची हद्द ते स्वतःच आखून घेतात.

पाचर:
हे ऐकायला छान आहे पण कंपन्यांच्या फार सोयीचं आहे. पगार तोच, काम जास्त, आणि वर समाधान तुमचं तुम्ही शोधा.

मधली_सुट्टी:
मान्य आहे, म्हणूनच मी आधी ते रिपोर्ट बंद केलं आणि मग शिकवायचं काम घेतलं. उलट क्रमाने करू नये.

हिशेबी:
इथे कोणी पैशाचं बोलतच नाहीये म्हणून मी बोलतो. 'वेळ आली का' आणि 'परवडतं का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात. परवडत नाही म्हणून मग मनाची समजूत घालतात की वेळ आलेलीच नाही, इतकं काही वाईट नाहीये, आणि तशीच पाच वर्षं जातात. परवडत नसेल तर सरळ म्हणा की वेळ आलीय पण पैसे नाहीत, म्हणजे निदान पैसे साठवायला तरी लागाल.

करायचं काय तर घरखर्च, हप्ते, विम्याचे पैसे, आईवडिलांचं औषधपाणी, सगळं धरून महिन्याला किती जातात ते खरं लिहा, अंदाजाने नको, मागच्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून बघा. मग हातातली मोकळी रक्कम त्याने भागा. गुंतवलेली, मोडता न येणारी रक्कम त्यात धरायची नाही. जितके महिने येतील त्यापेक्षा नोकरी शोधायला लागणारा वेळ जास्त वाटत असेल तर ऑफरशिवाय सोडू नका. कंपनीचा मेडिकल विमा नोकरीबरोबर जातो हे बहुतेकांच्या लक्षात शेवटच्या दिवशी येतं, आपला वेगळा आधी काढून ठेवा आणि त्याचा वेटिंग पिरियड (सुरुवातीचा किती काळ काही आजारांचे पैसे मिळत नाहीत तो) वाचा. ठरावीक वर्षं भरली की मिळणारी काही रक्कम असेल आणि त्याला थोडेच महिने उरले असतील तर तेवढं थांबण्यात कमीपणा काही नाही.

पण 'इतकी वर्षं दिली तिथे, आता कसं सोडू' हे कारण मात्र बाद. ती वर्षं गेली, थांबलात तरी परत येणार नाहीत. आर्क्स आणि ब्लूमर यांचा १९८५ चा एक प्रयोग आहे, नाटकाच्या सीझन तिकिटाचा. काही लोकांनी पूर्ण पैसे दिले, काहींना तिकीट घेतानाच सवलत दिली गेली. नाटकं तीच, थिएटर तेच, तरी पूर्ण पैसे भरलेले लोक सीझनच्या पहिल्या निम्म्यात जास्त नाटकांना गेले. नाटक आवडतं का यापेक्षा पैसे वसूल व्हायला पाहिजेत हे मोठं ठरलं. आपण नोकरीत तेच करतो, फक्त पैशाच्या जागी वर्षं.

मीच_ती:
वर्षं भरली की मिळणारी रक्कम, हे सगळ्यांनी नीट वाचा. आमच्या इथे एक जण थोडक्यात हुकला आणि नंतर डोक्याला हात लावून बसला.

पाचर:
मला वाटतं आपण सगळे जास्तच विचार करतोय. लेव्हिट नावाच्या अर्थतज्ज्ञाने एक भन्नाट प्रयोग केला होता, ज्या लोकांचं मोठ्या निर्णयावर अडलंय त्यांनी वेबसाइटवर यायचं आणि नाणं उडवायचं. हजारो लोक आले, वीस हजारांच्या वर नाणी उडवली गेली, आणि त्यात नोकरी सोडू का हा प्रश्न विचारणारे पुष्कळ होते. २०१६ मध्ये त्याने त्यावर पेपर काढला. ज्यांना 'बदल करा' असा छापा आला ते बदल करायची शक्यता वाढली, आणि सहा महिन्यांनी विचारलं तर मोठ्या निर्णयात बदल करणारे न करणाऱ्यांपेक्षा जास्त खूश होते.

ताई, काढा नाणं.

हिशेबी:
पाचर, त्या प्रयोगात आले कोण होते ते पण सांग ना. नाण्यावर निर्णय सोडायला तयार झालेले, म्हणजे आधीच काठावर असलेले लोक. नोकरीत छान रमलेल्या माणसाने नाणं उडवून राजीनामा दिला तर तोही खूश होईल असं त्यातून सिद्ध होत नाही.

पाचर:
बरोबर आहे, पण इस्त्रीताई काठावरच आहेत की, नाहीतर हे लिहिलंच नसतं त्यांनी.

तिरपी_रेघ:
आणि बदलानंतरचा आनंद किती टिकतो तेही बघा. बॉसवेल वगैरेंचा २००५ चा अभ्यास आहे मॅनेजर लोकांवर, नोकरी बदलायच्या आधी समाधान खाली गेलेलं असतं, बदलली की एकदम वर जातं आणि मग परत उतरायला लागतं. मी जॉइन होणाऱ्यांनाही भेटते, पहिल्या महिन्यात सगळ्यांचे चेहरे फुललेले असतात, वर्षाने त्याच कॉफी मशीनजवळ तीच कुरकुर. म्हणजे सोडू नका असं नाही, पण नुसतं 'इथे नको' एवढ्यावर सोडलं तर तिथेही काही दिवसांनी नकोच होतं.

गुंता:
सगळं वाचलं, पण इस्त्रीताईंनी शेवटी जे एक वाक्य लिहिलंय त्याच्याकडे कोणीच बघितलं नाही असं वाटतं. 'मी तिथे आता फारसं बोलत नाही.' ताई, एक विचारू? ऑफिसात शेवटचं भांडण कधी केलंत? म्हणजे कामावरून, जोरात, हे चूक आहे म्हणून?

अर्धी_इस्त्री:
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. रजेचं मी करून बघितलंय रात्रपाळी, रजेत मी मजेत असते, झोप भूक सगळं ठीक. हिशेबी, बँक स्टेटमेंट काढलं, जितकी भीती होती तितकं वाईट नाहीये.

गुंता, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस अडकले होते. पूर्वी मी फार भांडायचे. एखादा आकडा पटला नाही की रिपोर्ट परत पाठवायचे, सॅम्पल परत तपासा म्हणायचे, प्रॉडक्शनवाले वैतागायचे, मला 'स्पीडब्रेकर' म्हणायचे. दरवेळी वरून काहीतरी मधला रस्ता निघायचा, माल जायचाच. कोणी माझ्यावर चिडलं नाही, उलट फार गोड बोलायचे, 'तुझा मुद्दा बरोबर आहे पण या वेळेला जाऊ दे'. मग कधीतरी मी परत पाठवणं बंद केलं. ठरवून नाही. काम लवकर उरकतं म्हणाले ना वर, ते त्यामुळे उरकतं. मी सही करते.

हे टाइप करताना मलाच कसंतरी झालं.

गुंता:
मला हेच विचारायचं होतं. हर्शमन नावाचा अर्थतज्ज्ञ होता, त्याने १९७० मध्ये मांडलं होतं की एखाद्या संस्थेचं काही बिघडायला लागलं की आतल्या माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. निघून जायचं किंवा आवाज उठवायचा. आणि त्या जागेबद्दल आपलेपणा असेल तर माणूस लगेच निघत नाही, आधी आवाज उठवून बघतो. याचा माझ्यापुरता लावलेला अर्थ असा की भांडणारा माणूस अजून नोकरीत असतो, त्याला वाटत असतं की हे सुधारेल. चिडचिड करणारा, कँटीनमध्ये बॉसला शिव्या घालणारा माणूस राजीनामा द्यायच्या टोकाला आला आहे असं आपण समजतो, पण तो पुढची दहा वर्षं पण राहू शकतो. जो एकदम शहाणा, शांत, सगळ्याला हो म्हणणारा झाला, तो आतून गेलेला असतो. टीमचं काम बघतो त्यामुळे मला हे फार वेळा दिसलंय, आणि गंमत म्हणजे अशा माणसाला त्या वर्षी अप्रेझल चांगलं मिळतं, 'आता मॅच्युअर झालाय' म्हणून.

अर्धी_इस्त्री:
मिळालंय. यंदाच. 'मच इम्प्रूव्ड टीम प्लेयर' असं लिहिलंय.

पाचर:
आई शप्पथ.

रात्रपाळी:
पण गुंता, गप्प होणं हे थकव्याचंही लक्षण असतं की, मी वर लिहिलेला कोरडेपणा तोच. गप्प झाला म्हणजे आतून गेला असं सरसकट म्हणता येणार नाही. आमच्याकडे सलग ड्यूट्या झाल्या की चांगली चांगली माणसं तोंड मिटून काम करतात आणि नीट विश्रांती मिळाली की परत भांडायला लागतात.

गुंता:
हे मान्य. म्हणून त्यांनी रजेचं लिहिलं ते महत्त्वाचं. त्या दमलेल्या वाटत नाहीत, त्यांच्या बोलण्याचा तिथे काही उपयोग होत नाही एवढंच त्यांना कळून चुकलंय. अर्थात मी लांबून बोलतोय.

मीच_ती:
मग सगळ्या गप्प लोकांनी काय नोकऱ्या सोडायच्या का? माझं अर्धं ऑफिस रिकामं होईल. काही लोक पगारापुरतं काम करतात, संध्याकाळी आपलं आयुष्य जगतात, त्यांना तिथे भांडायचंच नसतं. त्यात वाईट काय आहे?

गुंता:
काही वाईट नाही, मी पण दोन वर्षं तसा होतो. पण मग ते काम तसं गप्प राहून करता येण्यासारखं पाहिजे. प्रेझेंटेशनचे रंग मला पटत नसले आणि मी गप्प बसलो तर बिघडत नाही.

खडूस_काका:
मी वर थट्टा केली ती या ताईंचा दुसरा प्रतिसाद वाचायच्या आधी. आता थट्टा बाजूला.

ताई, तुमचं काम सही करण्याचं आहे. खात्यात मी पण सह्याच केल्या आहेत, हजारोंनी. सहीचा पगार वेगळा असतो, तो तुम्ही 'नाही' म्हणू शकता याचा असतो. नाही म्हणण्याची सोय गेली की तो नुसता शिक्का उरतो आणि शिक्क्यावर नाव मात्र तुमचं. उद्या बाहेर काही झालं, कोणाला इजा झाली, तर 'या वेळेला जाऊ दे' म्हणणारे तोंडी म्हणाले होते. कागदावर कोण आहे? असे प्रसंग मी पाहिले आहेत, गोड बोलणारा माणूस त्या दिवशी रजेवर असतो.

राजीनाम्याचं मी अजूनही म्हणत नाही. त्याच्या आधी एक करा. पुढचा जो रिपोर्ट पटणार नाही तो परत पाठवा, आणि तोंडी नाही, लेखी. भाषा साधी ठेवा, रागाचा एक शब्द नको. अमुक टेस्टचा अमुक आकडा मर्यादेबाहेर आहे, फेरतपासणीशिवाय सही करणार नाही, इतकंच. मग काय होतं ते बघा. तुम्हाला काय वाटतं याला अर्थ नाही, ते काय करतात त्याला आहे.

पाचर:
काका, साष्टांग.

तिरपी_रेघ:
काकांना अनुमोदन, फक्त एक भर. ऑफिसचे मेल, रिपोर्ट स्वतःच्या पर्सनल मेलवर फॉरवर्ड करू नका, बहुतेक ठिकाणी ते नियमाविरुद्ध असतं आणि पुढे तुमच्यावरच उलटतं. त्याऐवजी तारीख टाकून आपल्या शब्दात नोंद ठेवा, कोणाशी काय बोलणं झालं एवढीच, कंपनीची माहिती त्यात नको. आणि कंपनीत तक्रारीसाठी वेगळी व्यवस्था असेल, ऑडिट किंवा व्हिसलब्लोअर (आतला गैरप्रकार उघड करणारा) म्हणून, तर तिचे नियम आधी वाचून घ्या. प्रकरण लोकांच्या जिवाशी संबंधित असेल तर वकिलाचा एकदा सल्ला घ्या, इथल्या आमच्यासारख्यांच्या भरवशावर राहू नका.

अर्धी_इस्त्री:
थोडे दिवस गायब होते. काकांनी सांगितलं तसं केलं.

एक रिपोर्ट आला, फार काही भयंकर नव्हता, पण एक आकडा मर्यादेच्या जरा बाहेर होता. लेखी परत पाठवला. हात थरथरत होते खरं सांगायचं तर, इतक्या दिवसांनी. बॉसने केबिनमध्ये बोलावलं, नेहमीसारखंच गोड बोलणं झालं. मी म्हटलं मेलवर लिहा, मी करते सही. त्यांनी मेल लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी त्या रिपोर्टवर माझ्या ज्युनियरची सही होती आणि माल गेला. तो मुलगा नवीन आहे, त्याला विचारलं तर म्हणाला सरांनी सांगितलं, नुसती फॉर्मॅलिटी आहे.

मी त्याची वरती लेखी तक्रार केली आहे, तिचं काय व्हायचं ते होईल. तिरपी_रेघ, तुमचा 'दिवस' हा असावा. माझी सही नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना, ते वाटलंच नाही, त्या मुलाचंच डोक्यात येत राहिलं. सीव्ही लिहायला घेतलाय.

हिशेबी:
ऑफर येईपर्यंत राजीनामा टाकू नका एवढीच विनंती. आणि मुलाखतीत आधीच्या कंपनीची धुणी धुवू नका. 'मला तपासणीला जास्त अधिकार असलेल्या जागी काम करायचंय' हे खरं पण आहे आणि सांगायला पण चांगलं आहे.

मधली_सुट्टी:
आणि हो, तिथे जाऊन पण विचारा. क्वालिटी विभाग कोणाला रिपोर्ट करतो? प्रॉडक्शनच्याच साहेबाला करत असेल तर पुन्हा तेच होणार. शेवटचा लॉट कधी अडवला होता आणि पुढे काय झालं, हा प्रश्न विचारा. उत्तर देताना एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा.

अर्धी_इस्त्री:
हा प्रश्न मला सुचलाच नसता. लिहून घेतला.

तिरपी_रेघ:
काउंटर ऑफर आली तर काय करणार ते आजच ठरवून ठेवा, त्या दिवशी डोकं चालत नाही. पगार वाढवून देतील, कदाचित पद पण देतील. तुमची अडचण पगाराची नव्हतीच, त्यामुळे त्यांनी दिलेल्या कुठल्याही आकड्याने ती मिटणार नाही. नोटीस पिरियड किती, तो विकत घेता येतो का, रिलीव्हिंग लेटर किती दिवसात देतात, हे अपॉइंटमेंट लेटरमध्ये आत्ताच बघून घ्या. हँडओव्हर लेखी करा आणि पोचपावती घ्या.

मीच_ती:
आणि एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये खरं सांगायचं का?

तिरपी_रेघ:
एचआर म्हणून सांगायला नको, पण राग बाहेर काढायची ती जागा नव्हे. या ताईंच्या बाबतीत मात्र त्यांनी आधीच लेखी दिलंय, त्याचाच संदर्भ द्यायचा, नवीन काही बोलायचं नाही.

खडूस_काका:
ताई, त्या पोराला नीट बसवून सांगा सही म्हणजे काय ते. जायच्या आधी, हँडओव्हरच्या यादीत नसलं तरी.

अर्धी_इस्त्री:
काका, कालच चहाला घेऊन बसले होते त्याला. आज त्याने एक रिपोर्ट परत पाठवलाय, आता आम्हा दोघांनाही केबिनमध्ये बोलावलंय :)